मिठाचा अंदाज

माझ्या मिठाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. फुशारकी मारत नाही, आहे ते सांगते. आमच्या घरी स्वयंपाक चाखत नाहीत. अन्न आधी गळ्यातल्या लिंगाला दाखवायचं, मग तोंडात घालायचं, अशी रीत. त्यामुळे गॅसपाशी उभं राहून तळहातावर आमटीचे चार थेंब घेऊन चाटणं मी जन्मात केलेलं नाही. मीठ वाफेवरून कळतं. उकळी आली की नाक पुढं करायचं. मीठ कमी असेल तर वाफ पोकळ लागते. माझी सासू असंच करायची, तिनं मला शिकवलं. मी पुढं कोणाला शिकवलं नाही, कारण मी नोकरी केली. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत, शेवटची सात शिरूर अनंतपाळला. दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवण्यात घसा गेला, घरी आल्यावर शिकवायची ताकद उरायची नाही.

आताही उरलेली नाही. मी थकले आहे. हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

माझी सून पुनम आजारी आहे. फेब्रुवारीत छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. एकवीस दिवसांनी एक डोस. तीन झाले, चौथा येत्या सोमवारी. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि मग माझ्याकडं बघितलं. अडतीस किलो.

"हिच्या अंगात प्रोटीनच नाही," त्या म्हणाल्या. "आठवडाभर असंच राहिलं तर सोमवारी डोस देता येणार नाही. पुढं ढकलावा लागेल, आणि हा आजार आपल्यासाठी थांबून राहत नाही. अंडी द्या, चिकन द्या. घरी केलेलं, नीट शिजलेलं. बाहेरचं अजिबात नको, कच्चं तर मुळीच नको. तिला इन्फेक्शन झेपणार नाही."

मी म्हटलं, "आम्ही लिंगायत आहोत."

"तुम्ही नका खाऊ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येऊन मी मुगाचं कढण केलं, पनीर किसून घातलं, सोयाबीनच्या वड्या केल्या, शेंगदाण्याचं दूध काढलं. पुनम ताट समोर घेऊन बसायची. "छान झालंय, आत्या," म्हणायची. दोन घास घ्यायची आणि बादली ओढायची. या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली, प्रत्येक जेवणाला "छान झालंय" हे दोन शब्द ठरलेले. आता त्याला एक शेपूट जोडलं होतं. "छान झालंय, पण सगळं मातीसारखं लागतं हो."

पुनम हदगावची, शेतकऱ्याची मुलगी. आमचा सोमेश आणि ती नांदेडला कॉलेजात एकत्र होते. लग्न ठरलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून म्हणाली होती, "आत्या, तुमच्या घरात मी कधी मटण-मच्छी खाणार न्हाई." आणि खाल्लं नाही. माहेरी गेली तरी खायची नाही, सोमेश सांगायचा. मी तिचं कौतुक केलं नाही. शाळेत वेळेवर आलेल्या मुलाचं कोणी कौतुक करतं का? मला ते नुसतं बरोबर वाटलं होतं.

मंगळवारी दुपारी मी तिच्या खोलीत ताक घेऊन निघाले होते. दार अर्धं उघडं होतं. ती फोनवर कॉलेजच्या मैत्रिणीशी बोलत होती. "स्टेशनकडच्या त्या कॅफेतल्या विंग्ज आठवतात का गं? कुरकुरीत?" मग जरा थांबून, "तेवढ्या असत्या ना, तर गेल्या असत्या बघ. बाकी काही नको वाटतं. न्हाई गं, इथं कसं सांगू. त्या बिचाऱ्या दिवसभर माझ्यासाठी मरून राहिल्या."

बिचाऱ्या म्हणजे मी. ताक घेऊन मी तशीच परत फिरले. स्वयंपाकघरात बसले आणि ते ताक मीच पिऊन टाकलं.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला, पुनमसाठी घरी चिकन करणार असल्याचं मालकांच्या कानावर घातलं. आमच्या मालकांचं, मलप्पांचं, लातूरच्या गंजगोलाईत कापडाचं दुकान आहे. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू मला सांगितलं न्हाईस, असं मी समजतो." शुक्रवारी सकाळी, काही काम नसताना, ते उदगीरला निघून गेले. पुरुषांना हे बरं जमतं. सोमेश नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा. त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता आणि मग दोघं मिळून घाबरलो असतो. म्हणून नाही विचारलं.

कोंबडीच्या दुकानासमोर उभं राहणं मला शक्य नव्हतं. पण अंबाजोगाई रोडला नवीन मार्ट झालंय, तिथं काचेच्या कपाटात बर्फात गोठवलेली पाकिटं मिळतात हे मी टीव्हीच्या जाहिरातीत पाहिलं होतं. पाकिटाला रक्त नसतं, पिसं नसतात. साबुदाण्याच्या पिशवीसारखं उचलून आणायचं. मेथीच्या दोन जुड्या आधी घेतल्या, वर ठेवायला. मग त्या कपाटापाशी गेले. नावं इंग्रजीत होती. विंग्ज म्हणजे पंख, एवढं इंग्रजी मला येतं. पाकीट उचललं तर बोटं बधिर झाली.

काउंटरच्या रांगेत मागून हाक आली, "बाई, तुम्ही इकडं कुठं?" आमच्या शेजारची मंजुश्री. आमच्याच समाजातली, आमच्याच मठात येणारी, आणि तोंडाची सैल. तिची नजर थेट पाकिटावर गेली. मेथी दगा देऊन बाजूला पडली होती.

"कुत्र्यासाठी," मी म्हटलं.

"कुत्रं कधी पाळलंत?"

"गल्लीतल्या."

ती "अस्सं" म्हणाली. रिक्षात बसल्यावर मला माझंच ऐकू आलं. सुनेच्या तोंडात जावा म्हणून जो घास घेऊन चालले होते, त्याला मी कुत्र्याचा म्हणून मोकळी झाले. एका शेजारणीच्या भीतीनं. वर्गात एखाद्यानं असं खोटं सांगितलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. मला कोण उभं करणार? मीच रिक्षात मान खाली घालून बसले.

आता शिजवायचं कशात? माझी कढई, माझा तवा, माझं तेल यातलं काही त्याला लावायचं नव्हतं. तेव्हा माळ्यावरचा एअर फ्रायर आठवला. दोन वर्षांपूर्वी मालकांचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा सोमेशनं आणला होता. त्यात एकदा बिनतेलाचे समोसे केले, ते खाऊन मालक म्हणाले की त्यापेक्षा कोलेस्टेरॉल परवडलं. तेव्हापासून तो खोक्यात होता. स्टुलावर चढून खाली काढला, पुसला आणि मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनच्या प्लगला जोडला. स्वयंपाकघरात नको म्हणून तिथं. पत्रावळ्या आणल्या होत्याच. जुनी सुरी घेतली, ती नंतर टाकून द्यायची ठरवली.

पुनम आत झोपली होती. पाकीट फोडायच्या आधी माझा हात गळ्याशी गेला.

इतरांचं बरं असतं. त्यांचा देव देवघरात असतो. दार लोटून घेता येतं, पडदा ओढता येतो. आमचा देव गळ्यात, चांदीच्या डबीत, छातीला टेकलेला. तो काढून ठेवायचा नसतो, मरेपर्यंत नाही. मग काय करायचं?  मग मला आठवलं की दुसऱ्या डोसानंतर पुनमनं माझ्या पदरावर, छातीवर सगळी ओकारी केली होती, तेव्हाही लिंग तिथंच होतं. तेव्हा ते बाटलं नाही. मी डबी ब्लाउजच्या आत सारली आणि म्हटलं, बघायचं असेल तर बघ, नाहीतर डोळे मीट. देवाशी असं बोलू नये. पण थकलेल्या माणसाच्या तोंडाला धरबंध राहत नाही.

पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की वितळू न देता तसेच ठेवा, एकशे ऐंशीवर बारा मिनिटं, मग उलटून दोनशेवर दहा मिनिटं. पाकिटात बारा तुकडे होते, एकमेकांना चिकटलेले. सहा सुटे केले, सहा तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागं ठेवले. सहा जाळीवर मांडले. मीठ, हळद, जरासं तिखट भुरभुरलं. बर्फावर काही चिकटेना, सगळं घरंगळून खाली गेलं. मशीन घुंघुं करायला लागली. पाच-सात मिनिटांत लाइट गेली. लातूरचा मे महिना, त्याला कोण काय म्हणणार. दहा मिनिटांनी आली. मी काटा परत फिरवला.

बारा आणि दहा झाली तेव्हा वरून तुकडे तांबूस दिसत होते. वास येत होता, पण तो वास मला वाचता येईना. चाळीस वर्षं नाकावर स्वयंपाक केलेली बाई मी, आणि तिथं माझं नाक पहिलीच्या पोरासारखं कोरं. कच्चं कसं वास मारतं, शिजलेलं कसं, मला काय माहीत? कच्चं मुळीच नको, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग भरल्या वांग्याला करते तसं केलं. सुरी टोचून बघितली.

सुरी जराशी गेली आणि कडक लागलं.

बर्फ, मी म्हटलं. मधे लाइट गेली ना, आतला बर्फ वितळला नाही. आणखी दहा मिनिटं लावली. परत सुरी. परत कडक. दुसऱ्या तुकड्याला टोचली, तोही आतून दगड. मी हैराण. पाकिटवाल्यांनी काय हिमालयात गोठवलं होतं की काय? आणखी पंधरा मिनिटं लावली. तुकडे आकसले, काळे पडले, पडवीत धूर झाला, आणि आतला बर्फ जसाच्या तसा.

भिंतीपलीकडून मंजुश्रीचा आवाज आला. "बाई, काय करपलं का?"

मी घामानं निथळत होते, डोळ्यांत धूर गेला होता. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं, ते नव्हतं. "चिकन करपलं," मी ओरडून सांगितलं. "पुनमसाठी करून राहिले. कुत्र्यासाठी न्हाई."

 पलीकडून खिडकी लावल्याचा आवाज आला. लाव बाई.

मी उपड्या बादलीवर बसले आणि रडले. वाईट वाटून नव्हे; हात टेकल्यावर जे रडू येतं ते. सहा तुकडे कोळसा झाले होते, सहा शिल्लक होते, सोमवार तीन दिवसांवर होता. आणि हे ज्यांना विचारावं असं ओळखीतलं एकच माणूस होतं.

पुनमची आई, भामाबाई. साखरपुड्याला आम्ही हदगावला गेलो तेव्हा त्यांनी स्वतः तांब्या-फुलपात्र आणून माझ्यापुढं ठेवलं होतं. आम्ही लातूरहून आमचं पाणी बाटल्यांत भरून नेलं होतं. मी त्यांचा तांब्या बाजूला सरकवला आणि सगळ्यांच्या देखत पिशवीतून माझी बाटली काढली. रीत म्हणून. आमच्या सासूबाई असंच करत. भामाबाईंनी तांब्या उचलून आत नेला. लग्नानंतर त्यांनी पुनमला सांगितलं, "ज्या घराला माझं पाणी चालत न्हाई, त्या घराचा उंबरा मी वलांडणार न्हाई." ऑपरेशनला त्या दवाखान्यात आल्या, चार दिवस बाकड्यावर काढले आणि तिथूनच हदगावच्या बसमध्ये बसल्या. घरी चला म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं माझ्या लेकीला?"

माझ्या नावाचा फोन म्हणजे वाईट बातमी, असं मी सहा वर्षांत करून ठेवलं होतं. "काही न्हाई झालं, ईनबाई. झोपलीय ती. बरी हाय," मी घाईनं म्हटलं. तिकडून लांब श्वास ऐकू आला. मग मी म्हटलं, "एक इचारायचं होतं. कोंबडीच्या पंखातला बर्फ वितळतो कसा?"

"काय?"

मी सगळं सांगितलं. पाकीट, मशीन, लाइट, सुरी. पाऊण तास झाला तरी आत कडक लागतंय म्हणून. भामाबाई ऐकत होत्या.  

"ईनबाई," त्या हळू म्हणाल्या, "सगळ्याच तुकड्यात कडक लागून राहिलं का? बरोब्बर मधी?"

"हाव. बरोब्बर मधी."

"लांबट हाय का?"

"लांबट हाय."

"ते हाड हाय, ईनबाई."

मी बादलीवर बसल्या बसल्या गार पडले. पक्ष्यांची हाडं पोकळ व हलकी असतात, हे वाक्य मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पोरांकडून दहा दहा वेळा लिहून घेतलं. पण पंख म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं पिसं आली होती, फार तर पिसांखालचं मऊ काहीतरी. पंखाला हाड असतं, नाहीतर पक्षी उडेल कसा, हे मला दहापैकी शून्य गुण मिळवूनच कळायचं होतं.

तिकडं भामाबाई हसायला लागल्या होत्या. आधी दाबून, मग दाबेना. "बर्फ म्हणं," असं म्हणत हसत होत्या, "अगं माय, बर्फ म्हणं." आणि मलाही हसू आलं. फेब्रुवारीनंतर मी हसले नव्हते, त्यामुळे ते नीट येईना, खोकल्यासारखं आलं. दोघी हसता हसता कधी गप्प झालो कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज मात्र दोन्हीकडून येत होता.

"तुमी शिजवून राहिल्या?" त्या मग म्हणाल्या. "तुमच्या हातानं?"

"मग कुणाच्या?"

 त्यांचा आवाज बदलला. आता तो कामाचा आवाज होता, मला ओळखीचा, बाईनं बाईला दिलेला. "सहा हायेत ना शिल्लक? घ्या. फोन ठिवू नका."

मी फोन वॉशिंग मशीनवर उभा केला, स्पीकरवर. त्या सांगत गेल्या, मी करत गेले. आधी नुसतेच दहा मिनिटं ठेवा, मीठमसाला काही नको, बर्फ सुटू द्या. खरा बर्फ, त्या म्हणाल्या आणि परत हसल्या. मग बाहेर काढा, सुटलेलं पाणी फेका. आता आलं-लसूण चोळा, हळद, मीठ, चमचाभर तेल. तिखट नको, तिच्या तोंडात फोड असतील. हातानं चोळा, ईनबाई, चमच्यानं न्हाई होत ते.

हातानं. मी चोळलं. गार, बुळबुळीत, आणि आत ते हाड. हात थांबवला नाही. मीठ किती, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलं नाही. मिठाचं मला कोणी सांगायची सवय नव्हती. अंदाजानं घातलं.

"आता दोनशेवर पंधरा मिन्टं, मधी एकदा उलटा. मग सांध्यात सुरी घाला. सांध्यात, मधी न्हाई. पांढरं पाणी आलं तर झालं. गुलाबी आलं तर परत ठिवा. आन् सांधा हातानं फिरवून बघा, गप फिरला पायजे, अडकाय न्हाई पायजे."

वीस मिनिटं लागली. पाणी पांढरं आलं. सांधा गप फिरला.

मी हात धुतले, साडी बदलली आणि पत्रावळीवर सहा तुकडे ठेवले. पुनमच्या खोलीत गेले तेव्हा ती जागी होती, भिंतीकडं तोंड करून. वास तिला आधीच गेला असणार. ती वळली, तिनं पत्रावळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्या, हे काय?"

"विंग्ज," मी म्हटलं. "नांदेडसारख्या नसतील."

ती उठून बसली. डोक्यावरचा रुमाल सरकला होता, तो नीट करायचंही तिला सुचलं नाही. "तुमी केल्या? या घरात?"

"पडवीत केल्या. खा आधी, भाषण मग कर."

तिनं एक तुकडा उचलला. धरायची पद्धतच वेगळी, दोन्ही टोकांना दोन बोटं. दातानं हाडापासून मांस ओढलं, चावलं, आणि थांबली. मी सवयीनं बादली पुढं सरकवली. तिनं ती पायानं मागं ढकलली. गिळलं. दुसरा घास घेतला, मग तिसरा. हाड बाजूला ठेवलं, पांढरं स्वच्छ. मी त्या हाडाकडं बघत होते. एवढंसं तर होतं.

दुसरा तुकडा घेताना ती जरा घुटमळली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, मीठ कमी हाय."

 महिना-दीड महिना ती सगळं मातीसारखं लागतं म्हणत होती. मातीत मीठ कमी की जास्त, हे माणसाला कळत नसतं. कळलं, म्हणजे जीभ परत आली होती.

"आणते," मी म्हटलं आणि बाहेर आले, कारण तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

पडवीत फोन तसाच चालू होता. भामाबाईंनी ठेवला नव्हता. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, "खाल्लं का? काय म्हणली?"

"दुसरा तुकडा चालू हाय. मीठ कमी हाय म्हणली."

तिकडून त्या म्हणाल्या, "लहानपणापासून तशीच हाय ती. ताटासंग मिठाची डबी घेऊन बसायची जेवायला. तिला आमच्या समद्यांच्या वर मीठ लागतं. तुमच्यात न्हाई का घेत वरून?"

मी मशीनला टेकले.

सहा वर्षं. दोन वेळा. पुनमनं मी वाढलेल्या ताटात वरून चिमूटभर मीठसुद्धा कधी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार. मिठावरची माझी ती टेंभा मिरवण्याची गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी सांगितली होती. तेव्हापासून ती अळणी जेवत होती आणि छान झालंय म्हणत होती. माझ्या मिठाला कोणी नाव ठेवलं नाही, कारण नाव ठेवायची सोयच मी ठेवली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. साखरपुड्याच्या तांब्याची लाज आतापर्यंत वाटली नव्हती, तीही तिथंच, त्याच्या मागोमाग आली.

"ईनबाई," मी म्हटलं, "उद्या सकाळच्या बसनं निघा. मला हे रोज जमायचं न्हाई. मी लई थकले."

 त्यांचं कुठं अडलंय ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

"येताना," मी म्हटलं, "तुमच्या घरच्या रांजणातलं पाणी बाटलीत भरून आणा. मी पिते."

 मग त्या म्हणाल्या, "पहिली गाडी सहाला हाय," आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात गेले. वाटीत मीठ काढायला चमचा घेतला, आणि परत ठेवून दिला. मिठाची बरणीच उचलली, माझ्या सासूची, चिनीमातीची, आणि नेऊन पुनमच्या उशाशी ठेवली. ती चौथा तुकडा खात होती.

"एवढं कशाला, आत्या? चिमूटभर पायजे होतं."

"राहू दे," मी म्हटलं. "आता इथंच राहू दे."